आमचा न झालेला जावई

आमच्या जावयाचं नाव तन्मय. माणूस चांगला आहे, जेवायला बसला की आमटी दुसऱ्यांदा मागून घेतो. पण हे त्याच्याबद्दल नाही. हे सिद्धांतबद्दल आहे, जो आमचा जावई होता होता राहिला. तन्मयला सगळं ठाऊक आहे. उलट तोच म्हणाला, बाबा, एकदा लिहून काढा, मलाही ते नीट कळलेलं नाही.

मी अबुधाबीत आलो तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते, यावरून काय तो हिशोब करा. एका कंत्राटदाराच्या ऑफिसात, इमारतींना एसीचे डक्ट किती लागतील याचा अंदाज काढण्यात माझी इथली वर्षं गेली. खलिफा सिटीत एका व्हिलाचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतलाय. मी, बायको मंजुषा आणि लग्न होईपर्यंत आमची एकुलती एक ओवी. ओवी इथल्याच एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे बदललेल्या आजोबांना चालायला लावायचं तर आवाज लागतो, आणि तो तिला जन्मापासून आहे. "यल्ला हबीबी, और एक, वन मोअर" असं ती ओरडली की म्हणे पलीकडच्या वॉर्डातले पेशंटही पाय उचलतात. घरीही तेच. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत काही सांगायचं तर उठून यायची पद्धत आमच्याकडे नाही.

सिद्धांतचं स्थळ मंजुषाच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणीनं आणलं. घर पुण्याचं, पण आईवडील नोकरीपायी आयुष्यभर मस्कतला. मुलगा लहानपणापासून पाचगणीच्या बोर्डिंगात, तिथून लंडनला. आता अबुधाबीत त्याचं काम असं की संग्रहालयात कुठलं चित्र कुठे टांगायचं आणि त्यावर उजेड किती पाडायचा हे ठरवायचं. याचेही पैसे देतात हे मला नवीन होतं. मंजुषानं पगाराचा आकडा दिरहममध्ये ऐकला, मनातल्या मनात रुपयांत केला आणि माझ्याकडे बघितलं. मग मी पुढे काही विचारलं नाही.

पहिल्यांदा घरी आला तो भर जुलैमध्ये जाकीट घालून. घामाचा एक थेंब नाही. तो कसा जिरवत होता ते त्यालाच माहीत. आमच्या बाहेरच्या खोलीत तेव्हा धबधब्याचं एक मोठं चित्र होतं. त्याच्या मागे दिवे होते, ते लावले की पाणी खाली पडतंय असं वाटायचं. सिद्धांत त्याच्यासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभा राहिला.

"काका, हे आयरॉनिकली लावलंय का?"

"नाही," मी म्हटलं, "ड्रिल मारून लावलंय."

ओवी खदखदून हसली. सिद्धांतच्या ओठाचा एक कोपरा वर गेला आणि लगेच जागेवर आला. त्याचं हसणं तेवढंच असायचं. पोहे त्यानं काट्यानं खाल्ले, एकेक शेंगदाणा टोचून. कॉफी कुठली असं विचारलं, तेव्हा मंजुषा बिचारी म्हणाली, बरणीतली. जाताना पाया पडायला वाकला नाही, हात पुढे केला. तो हात स्वच्छ आणि कोरडा होता आणि लगेच परत घेतला गेला. माझं मत तिथेच झालं होतं, पण लग्न मला करायचं नव्हतं.

ओवीला तो आवडला, आणि का आवडला हेही मला समजत होतं. तो तिला संग्रहालयात घेऊन जायचा, एकेका चित्रापुढे थांबून हळू आवाजात समजावून सांगायचा. तिच्याकडे इतकं लक्ष देऊन आजवर कुणी बघितलं नव्हतं. एकदा आमच्या खिडकीशी ती कपडे वाळत घालत होती, तर तो म्हणाला, "एक मिनिट, अशीच राहा, उजेड सुंदर आलाय." आणि ती राहिली. हातात ओला टॉवेल, तो जमिनीवर ठिबकतोय, आणि ही आपली उभी. मला ते बघवेना, मी उठून बाल्कनीत गेलो.

साखरपुड्याचं हॉटेल त्यानंच निवडलं. अंगठ्या झाल्यावर बायकांनी ओवीला घेरलं, नाव घे म्हणून. ओवीनं तोंड उघडलं होतं. सिद्धांत आवाज न चढवता म्हणाला, "प्लीज, उखाणा नको." बायका हसण्यावारी नेऊन बाजूला झाल्या. ओवीनं तोंड मिटलं.

त्यानंतर ती बदलत गेली. हसताना तोंडावर हात यायला लागला. धबधबा काढून ठेवायचा का, असं तिनं विचारलं. मी काढला, त्याचं मला काही नाही. पण ती आईला हाक मारण्याऐवजी उठून स्वयंपाकघरात जाऊन हळूच बोलायला लागली. मी तिला एकदा गाडीत विचारलं, सगळं ठीक आहे ना. "इट्स फाइन, बाबा," ती म्हणाली, "आय ॲम जस्ट लर्निंग. किती कर्कश होते मी." लग्न जानेवारीत ठरलं होतं. माझी पोर स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी बोलायला लागली होती, आणि उद्या त्याच्या घरी गेल्यावर ती बोलायचीच बंद झाली तर काय, ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. मी मोडू या म्हटलं असतं तर ती माझ्याशी भांडली असती, आणि तेही हळू आवाजात. मंजुषाला सांगितलं तर ती म्हणाली, मुली लग्न ठरल्यावर शांत होतातच. मी तिला आठवण करून दिली की ती स्वतः झाली नव्हती.

ओवीच्या कपाटात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबऱ्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींत म्हणे असा एक तरुण असतो. भरपूर शिकलेला, नाक वर, कॉलर ताठ, भावनेचा विषय निघाला की खाकरणारा. नायिकेचं त्याच्याशी ठरतं ते एवढ्याचसाठी, की पुढे दुसरा कुणी मोकळाढाकळा माणूस आला की तो उठून दिसावा. ओवीनंच मला हे पूर्वी कधीतरी रंगवून सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, बरोबर, हाच तो. फक्त आमच्या गोष्टीत दुसरा कुणी नव्हता. तन्मय तेव्हा कुठे होता कुणास ठाऊक.

दिवाळीनंतर केळवणं सुरू झाली. खरं तर मुलीचं केळवण तिच्या नातेवाइकांनी करायचं आणि मुलाचं त्याच्या. पण इथे नातेवाईक आणायचे कुठून? त्यामुळे इकडे मंडळातली मंडळीच काका-मामा होतात आणि नवरानवरीला जोडीनं जेवायला बोलावतात. दर शनिवार-रविवार कुणाकडे तरी पंगत, सगळीकडे मसालेभात, सगळीकडे भेटवस्तू म्हणून डिनर सेट. सिद्धांतनं सुचवलं की सगळ्यांनी मिळून एक ब्रंच करावा. मंजुषानं त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय खलास झाला. मग तो निमूट येत राहिला. चमच्यानं वरणभात खायचा, यजमानांचे आभार मानायचा, भिंतींकडे बघायचं टाळायचा. त्याच्या शेजारी ओवी पाठ ताठ ठेवून बसायची.

शेवटचं केळवण दुबईत, देरा भागात, इद्रीसकडे होतं. इद्रीस मूळचा रत्नागिरीचा. नोकरीच्या पहिल्या दिवसांत मी दुबईला होतो, तेव्हा देरातल्या एका खोलीत वरच्या पलंगावर मी आणि खालच्यावर तो. आता खाडीवरच्या लाकडी गलबतांच्या धक्क्याजवळ त्याचं मसाल्याचं दुकान आहे. ओवी तान्ही असताना मंजुषाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा इद्रीसच्या बायकोनं, मरियमबीनं, ओवीला कितीतरी महिने छातीशी धरून सांभाळलं. त्यामुळे केळवण कुणाचं राहिलं तर चालेल, तिचं राहून चालणार नव्हतं. सिद्धांतनं विचारलं की तिकडे पार्किंग मिळतं का. मी म्हटलं, मिळत नाही, आपण तरीही जाणार आहोत.

घरात शिरताक्षणी मरियमबीनं ओवीच्या दोन्ही गालांवर हात ठेवले आणि तिला आत ओढून नेलं. मंजुषाही मागोमाग गेली. आम्ही पुरुष बाहेर बसलो. इद्रीस सिद्धांतला वेलदोड्याच्या प्रती समजावून सांगत होता आणि तो "इंटरेस्टिंग" म्हणत होता. तेवढ्यात आतून आवाज यायला लागले. आधी मरियमबीची लेक अलिशा, मग भांडी, आणि मग ओवी. कोलंबी कोण सोलणार यावरून तिघींची जुंपली होती आणि ओवीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. इतक्या महिन्यांनी तो ऐकला आणि मला भरून आलं. मी इद्रीसकडे बघितलंच नाही, त्याला माझा चेहरा लगेच कळतो.

मरियमबी म्हणाली, "नाव घे गं पोरी, तिकडे हॉटेलात घेतलं नाहीस म्हणे. हितं घे." आणि ओवी सबंध इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली:

"कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी,
सिद्धांतरावांना देते मी सोलायची चाकरी!"

आत हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. मी सिद्धांतकडे बघितलं. तो उठून उभा राहिला होता. आणि माझ्यावर विश्वास ठेवा, ओठाचे दोन्ही कोपरे वर होते. तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. मला वाटतं, खरंच कोलंबी सोलायला गेला होता.

तो दारात उभा राहिला आणि आतलं हसणं थांबलं. मी बसल्या जागेवरून बघत होतो. ओवी जमिनीवर मांडी घालून बसली होती, ती उठली, हात धुतले, ओढणी सारखी केली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सॉरी, वी वेअर जस्ट बीइंग सिली." तो म्हणाला, नाही नाही, चालू दे. आणि दोन पावलं मागे पॅसेजमध्ये आला. थोड्या वेळानं आत पुन्हा कुजबूज, मग हसणं, मग ओवीचा मोठा आवाज. तो पाण्याच्या निमित्तानं पुन्हा दारात गेला. पुन्हा सगळं शांत. ओवीनंच त्याला ग्लास भरून दिला, अलगद, सांडू न देता. तो ग्लास घेऊन पॅसेजमध्ये आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. संग्रहालयातल्या चित्रासमोर उभा राहतो तसा, फक्त इथे समोर काही नव्हतं. आत पुन्हा हसणं सुरू झालं. ते पाणी काही त्यानं प्यायलं नाही.

त्या दिवशी तो हातानं जेवला. भाकरी मोडता येत होती त्याला, अगदी व्यवस्थित. मरियमबीनं आग्रह केला तर दुसऱ्यांदा घेतलंही. 

त्याच आठवड्यात त्याचा मला फोन आला, काका, ऑफिसबाहेर भेटू का. आमच्या ऑफिसाजवळ एक कॅफेटेरिया आहे. गाडी समोर लावून हॉर्न दिला की कडक चहा गाडीतच मिळतो. त्याला मी कधी तो पाजायचं धाडस केलं नव्हतं. त्या दिवशी कागदी कप त्यानं स्वतः घेतला आणि दोन्ही हातांत धरून बसला.

"काका, ओवी माझ्यासमोर बोलत नाही," तो म्हणाला. "म्हणजे बोलते, पण ती नाही बोलत."

मला वाटलं, आता तो तिची तक्रार करणार.

"माझं कामच बघण्याचं आहे. उजेड चुकीचा पडला तर चित्राचा रंग मरतो, हे मी लोकांना शिकवतो. आणि गेले सहा महिने मीच तिच्यावर..." तो थांबला, खाकरला, पण या वेळी खाकरून विषय सोडला नाही. "देरात तिनं माझं नाव घेतलं ना, तसं माझं नाव कुणीच कधी घेतलेलं नाही. आमच्याकडे मोठ्यानं कुणी बोलायचं नाही. बोर्डिंगात तर नाहीच. मला ते फार आवडलं, काका. पण मी दारात गेलो की ते बंद होतं. मी दोनदा जाऊन बघितलं."

"मी बघत होतो," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं." त्यानं मान हलवली. "हे लग्न होऊ नये. ती नाही म्हणणार नाही. तिला वाटतं, ती सुधारतेय. म्हणून मी म्हणतो."

खरं सांगू, आधी मी चिडलो. हॉल ठरला होता, पुण्याहून माझी बहीण तिकिटं काढून बसली होती, आणि हा मला चहा पिता पिता सांगतोय की लग्न होऊ नये. मी त्याला म्हटलं की तुम्ही थोडं सैल व्हा, सगळं जमेल. तो म्हणाला, त्याला किती वर्षं लागतील हे त्याला माहीत नाही, आणि तोपर्यंत ती गप्प झालेली असेल. आवाज अगदी नेहमीसारखा शांत होता. कागदी कपाची कड मात्र त्यानं नखानं सोलून काढली होती, ते बघितल्यावर माझा राग गेला. या माणसाचं तिच्यावर प्रेम होतं. आम्हाला कुणालाही ते दिसलं नव्हतं, कारण दाखवायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

रविवारी सकाळी तो घरी आला. त्याला चहा दिला आणि दोघांना बाहेरच्या खोलीत सोडून मी आणि मंजुषा स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून बसलो. मंजुषानं माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्याचा हळू आवाज बराच वेळ चालला होता, शब्द कळत नव्हते. मग तो थांबला. आणि मग ओवी.

"हू आर यू टू डिसाइड? मला विचारलंस? एकदा तरी विचारलंस का, ओवी, तुला काय वाटतं? आधी तो कप खाली ठेव आणि माझ्याकडे बघून बोल!"

मंजुषा उठायला लागली, मी तिला बसवलं. ओवी ओरडत होती. उखाण्याबद्दल ओरडली, ओल्या टॉवेलबद्दल ओरडली, धबधब्याबद्दल ओरडली, मराठीत, इंग्रजीत, मध्येच हिंदीत. आपण किती कष्टानं हळू बोलायला शिकलो आणि हा आता म्हणतो की नको, असं म्हणून रडली. खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केल्याचं मला ऐकू आलं. आणि मग मध्येच कधीतरी तोही बोलायला लागला, मोठ्यानं म्हणता येणार नाही, पण मला शब्द कळायला लागले. आणखी थोड्या वेळानं दोघं चक्क हसले. जेवायची वेळ टळून गेली तरी ती दोघं बोलतच होती. लग्न मोडताना लोक इतके बोलतात हे मला माहीत नव्हतं.

मी त्याला खाली सोडायला गेलो. टॅक्सी यायची होती. त्याचे डोळे लाल होते, जाकीट हातावर होतं.

"काका, ऐकलंत ना?" तो म्हणाला. "माझ्यावर ओरडली."

त्याच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. तू फार मोठं काम केलंस, असं म्हणायचं होतं. तोवर मी त्याला अहो-जाहोच करत होतो, ते आड आलं. मी त्याला मिठी मारली. त्याचे हात कुठे ठेवायचे हे त्याला कळेना, पण तो मागेही सरला नाही. मग टॅक्सी आली आणि तो गेला.

वर आलो तर ओवी डोळे पुसत गार झालेली खिचडी खात होती. "बाबा, आज आला होता ना, तो मला आवडला असता," ती म्हणाली. बोलावू का परत, असं मी विचारलं. तिनं बराच विचार केला आणि मान हलवली. "नको. पुन्हा जमवायला गेलो तर दोघं पुन्हा नीटनेटके होऊ."

मंडळात बोलणं व्हायचं ते झालं. सिद्धांतनं स्वतः सगळ्यांना सांगितलं की निर्णय त्याचा होता, आणि ते खरंही होतं, त्यामुळे आमच्या मुलीकडे कुणी बोट दाखवलं नाही. बायकांनी त्याला यथेच्छ नावं ठेवली. त्यानं ती ऐकून घेतली. वर्षभरानं त्याचं इथलं काम संपलं आणि तो दोह्याला गेला. त्यानंतर कधीतरी ओवीला तन्मय भेटला, एका पेशंटचा मुलगा म्हणून. तिनं त्याच्या वडिलांवर ओरडून त्यांना जिने चढायला लावले होते आणि तो बाहेर उभा राहून हसत होता. पुढचं सगळं सुरळीत झालं.

दर दिवाळीला मी सिद्धांतला फोन करतो. लग्न केलंस का, हे मी विचारत नाही आणि तो सांगत नाही. हवा, काम, माझं ब्लडप्रेशर, एवढंच बोलणं असतं. गेल्या दिवाळीला ओवी आणि तन्मय आमच्याकडेच होते. फोनवर बोलणं संपत आलं तेव्हा त्यानं पहिल्यांदाच विचारलं, ओवी कशी आहे.

काय सांगणार? आत चकल्या तळणं चाललं होतं. मी फोन स्वयंपाकघराच्या दाराकडे धरला. "तन्मय, अरे जळतेय ती, गॅस कमी कर, यल्ला, आई तू बाजूला हो, मी करते!" असं भर आवाजात चाललं होतं, आणि मग तिघंही हसत सुटले. बराच वेळ मी तसाच उभा होतो. मग फोन कानाला लावला. पलीकडे तो अजून होता.

"सिद्धांत," मी म्हटलं, "तुझे आभार मानायचे राहिलेत रे माझ्याकडून."

"कशाबद्दल, काका?"

"आत्ता ऐकलंस ना, त्याबद्दल."

त्यानं फोन ठेवला नाही. मग हळूच म्हणाला, "काका, अजून थोडा वेळ तसाच धराल?"

मी धरला.